भित्तिपत्रक की भीतिपत्रक?

गेल्या महिन्यात शाळेच्या मराठी भित्तिपत्रकावर अकरावीच्या दोन विद्यार्थिनींनी 'शेवटी उरते ती मुलगी' या नावाचा लेख लावला. विषय होता अमेरिकेतील 'स्लॅशर' जातीचे भयपट. त्यावर एका पालकांचे पत्र आमच्याकडे आले आणि त्याची प्रत विश्वस्त मंडळाकडे गेली. शाळेच्या भिंतीवर सुरे आणि खून कशासाठी, मुलींनी असल्या विषयावर लिहावेच का, लेख ताबडतोब उतरवावा, अशी मागणी आहे. मध्यंतरी कुणीतरी फलकावरच्या 'भित्तिपत्रक' या शब्दाचे खडूने 'भीतिपत्रक' करून ठेवले. ते कोणी केले याचा तपास आम्ही केलेला नाही. समासातला 'ति' ऱ्हस्व ठेवण्याइतके व्याकरण त्याला किंवा तिला येते, एवढे मराठीच्या बाईंनी समाधानाने नोंदवले.

लेख उतरवलेला नाही व उतरवणारही नाही. नेमाप्रमाणे महिना भरेपर्यंत तो राहील. पण पत्र लिहिणाऱ्या पालकांचे म्हणणे सगळेच चुकीचे आहे असेही आम्हांस वाटत नाही. म्हणून पालक, विश्वस्त आणि विद्यार्थी या तिघांशी एकदमच बोलावे, यासाठी हा प्रपंच.

न पाहता मत देणे बरे नव्हे, म्हणून पत्र आल्यावर आम्ही या जातीचे चार प्रमुख सिनेमे पाहिले. 'हॅलोविन' (१९७८), 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०), 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४) आणि 'स्क्रीम' (१९९६). रात्री, आवाज कमी करून पाहिले. घरची मंडळी पहिल्या वीस मिनिटांतच उठून गेली. हे चारही सिनेमे अमेरिकेत 'आर' वर्गातले आहेत, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना पालकांखेरीज तिकीट मिळत नाही. आम्ही पाहिले याचा अर्थ शाळेने शिफारस केली, असा कृपया कोणी घेऊ नये. आठवी-नववीच्या मुलांनी तर तो मुळीच घेऊ नये. ज्या लेखावरून हा वाद झाला, त्याच्या लेखिकांपैकी एकीने 'हॅलोविन' घरी आपल्या मामा-मामींसोबत बसून पाहिला होता. हा तिच्या घरचा प्रश्न आहे आणि घरच्यांनी तो सोबत बसून सोडवला, हे आम्हांस बरे वाटले.

आमच्या पिढीने भीतीचे धडे रामसे बंधूंकडे गिरवले. 'पुराना मंदिर' (१९८४) टॉकीजला लागला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. त्यात शाप होता, हवेली होती, राक्षस होता, आणि शेवटी देवाचे त्रिशूल कामी येत असे. स्लॅशर सिनेमात यातले काहीच नाही. स्लॅश म्हणजे सपासप वार करणे. एक मुखवटा घातलेला किंवा चेहरा विद्रूप झालेला मनुष्य, हातात सुरा किंवा कुऱ्हाड, आणि समोर कॉलेज-शाळेच्या वयाची पाच-सहा मुले-मुली. ती एकेक करून मारली जातात. शेवटी एक मुलगी उरते आणि ती त्याला तोंड देते. बहुतेक वेळा देव नाही, मांत्रिक नाही, आणि पोलीस येतात ते आपल्या हिंदी सिनेमासारखेच सगळे उरकल्यावर.

या जातीचे मूळ हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) मध्ये दाखवतात. न्हाणीघरातला तो प्रसिद्ध खून कृष्णधवल आहे आणि त्यातले रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप होते. पुढे १९७४ मध्ये कॅनडात 'ब्लॅक ख्रिसमस' आणि अमेरिकेत 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' आले. पण साचा पक्का झाला तो जॉन कार्पेंटर यांच्या 'हॅलोविन'ने, आणि चौघांत आम्हांस सर्वांत चांगला वाटला तोही हाच.

हॅलोविन हा तिकडे ३१ ऑक्टोबरला येणारा सण. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघरी गोळ्या-चॉकलेट मागत फिरतात. त्या रात्री मोठी माणसे बाहेर जातात आणि लहान मुलांना सांभाळायला शेजारची एखादी शाळकरी मुलगी तासाच्या पैशांवर येऊन बसते. तिला तिकडे बेबीसिटर म्हणतात. आपल्याकडच्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. वाड्यात ओटीवर आजोबा खोकत बसलेले, माजघरात आत्या, मागे भाडेकरूंची तीन बिऱ्हाडे; अशा ठिकाणी मुखवटा घातलेला मनुष्य शिरला असता तर त्याला आधी 'कोण पाहिजे?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले असते. अमेरिकेच्या उपनगरांत मात्र प्रत्येक घर सुटे, समोर हिरवळ, रस्ता रिकामा, आणि संध्याकाळी घरात एकही वडीलधारे नाही. 'हॅलोविन'ची भीती त्या रिकामेपणातून आलेली आहे. शेवटच्या भागात नायिका लॉरी जिवाच्या आकांताने शेजारच्या घराचे दार ठोठावते. आत दिवा लागतो, कोणीतरी पडद्याआडून पाहते, आणि दिवा विझतो. संपूर्ण सिनेमात सुऱ्याने आम्हांस जितके घाबरवले नाही तितके त्या विझलेल्या दिव्याने घाबरवले.

आता या सिनेमाचा एक गुण विद्यार्थ्यांनी खास लक्षात घ्यावा, विशेषतः स्नेहसंमेलनाच्या वेळी 'सर, बजेट वाढवा' म्हणणाऱ्यांनी. 'हॅलोविन' सुमारे तीन लाख डॉलरमध्ये तयार झाला. हॉलिवूडच्या हिशेबाने ही चिल्लर होती. चित्रण सुमारे वीस दिवसांत आटोपले. कथा इलिनॉय राज्यातल्या शरद ऋतूची, पण चित्रण झाले कॅलिफोर्नियात, तेही वसंतात, झाडे हिरवीगार. म्हणून कागदी पाने रंगवून रस्त्यावर पसरली जात आणि शॉट झाला की तीच पाने गोळा करून पुढच्या रस्त्यावर नेली जात. खुन्याचा मुखवटा दुकानातून दोनेक डॉलरला आणलेला होता. तो खरे तर 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा. त्याच्या भुवया काढल्या, डोळ्यांची भोके मोठी केली, वर पांढरा रंग फवारला, झाला तयार. तो चेहरा रागावलेला नाही की हसरा नाही. त्यावर काहीच भाव नाही, म्हणूनच तो भयंकर वाटतो. श्रेयनामावलीत त्या पात्राला नाव न देता नुसते 'आकृती' म्हटले आहे.

संगीत कार्पेंटर यांनी स्वतःच दिले. त्यांचे वडील केंटकीत संगीताचे प्राध्यापक होते, त्यांनी लहानपणी मुलाला पाच मात्रांचा ठेका शिकवला होता. तोच ठेका सिनेमाच्या त्या पियानोच्या सुरावटीत आहे. आपल्याकडे त्रितालाचा कान असलेल्या माणसाला सम कुठे येते हे पटकन सापडत नाही आणि जीव अस्वस्थ राहतो. वडिलांनी गंमत म्हणून शिकवलेली गोष्ट मुलाने कुठे वापरली पाहा!

आणि रक्त? 'हॅलोविन'मध्ये रक्त जवळजवळ नाहीच. जे आहे ते चौकटीच्या कडेला, दाराआड, कपड्यांच्या दोरीपलीकडे. दिवसाढवळ्या कुंपणाशी कोणी उभे असल्यासारखे वाटते, नायिका पाहते तर नाही. प्रेक्षकाला चौकटीचा प्रत्येक कोपरा तपासत बसावे लागते. इतक्या लक्षपूर्वक पाहण्याची सवय आमच्या मुलांना भूमितीच्या आकृत्या पाहताना लागली तर आम्ही धन्य होऊ.

मुलींचे संवाद डेब्रा हिल यांनी लिहिले. त्या या सिनेमाच्या सहलेखिका आणि निर्मात्या होत्या, आणि स्वतः तरुणपणी बेबीसिटरचे काम केलेल्या होत्या. म्हणून त्या तिघी मैत्रिणींचे शाळेतून घरी जाताना चाललेले बोलणे खरे वाटते. भित्तिपत्रकातल्या लेखात आमच्या विद्यार्थिनींनी नेमके हेच पकडले आहे, आणि पकडताना त्यांनी 'मैत्रिणी' हा शब्द चार वेळा चार तऱ्हांनी लिहिला आहे. तेवढे दुरुस्त करावे.

'हॅलोविन'ने खर्चाच्या दोनशेपटीपर्यंत कमाई केली, तेव्हा पुढे काय झाले असेल हे आपल्या बाजारात बसणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला सांगायला नको. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चे दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम यांनी तर पटकथा तयार होण्याआधीच सिनेव्यवसायाच्या नियतकालिकात नावाची मोठी जाहिरात दिली. तळ्याकाठच्या उन्हाळी शिबिरात तरुण स्वयंसेवक मारले जातात, अशी ही गोष्ट. 'हॅलोविन'मध्ये जे झाकले होते ते येथे उघडे केले. टॉम सॅव्हिनी हे रंगभूषाकार. ते व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याचे छायाचित्रकार होते. त्यांचे काम कारागिरी म्हणून अव्वल आहे, याबद्दल वाद नाही. पण प्रेक्षक आता 'कोण वाचेल?' असे विचारत नाही. 'याला कसे मारतील?' असे विचारतो. आमच्या मते या जातीचा ऱ्हास येथून सुरू झाला. माणूस मरण्याची पद्धत हीच करमणूक झाली की त्या माणसाला नाव, घर, आवडनिवड देण्याचे कारण उरत नाही. १९८४ मध्ये चौथा भाग 'अंतिम प्रकरण' असे नाव घेऊन आला, आणि १९८५ मध्ये पाचवा आला, त्याचे नाव 'नवी सुरुवात'. २००९ पर्यंत मोजले तर बारा सिनेमे भरतात. यापुढे आम्ही मोजणे सोडले.

त्या काळात तिकडचे दोन नामवंत समीक्षक, रॉजर इबर्ट आणि जीन सिस्केल, यांनी १९८० मध्ये आपल्या दूरदर्शन कार्यक्रमाचा एक पूर्ण भाग या सिनेमांवर टीका करण्यासाठी वापरला. कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांतून पाहतो आणि प्रेक्षकाला त्याच्या बाजूला उभा करतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पण याच दोघांनी 'हॅलोविन'ला मात्र चांगला म्हटले. एकाच जातीतल्या दोन सिनेमांत फरक करता येतो, तो करावा, हा विवेक आम्हांस त्यांच्याकडून घेण्यासारखा वाटतो. पत्र लिहिणाऱ्या पालकांना आम्ही हेच सांगू की मुलींनी आपल्या लेखात हाच फरक केला आहे. लेख पुन्हा एकदा, शीर्षकाच्या पुढे जाऊन, वाचावा.

आता दोषांकडे येतो, आणि येथे आम्ही पालकांपेक्षाही कडक आहोत.

पहिला दोष मुलींविषयी. या सिनेमांचा एक अलिखित नियम झाला आहे. जी मुलगी मुलांबरोबर हिंडते-फिरते, मोठ्याने हसते, सिगारेट ओढते, ती आधी मरते. जी अभ्यासू, घरी बसणारी, ती वाचते. कार्पेंटर यांनी आपला असा हेतू नव्हता, असे अनेकदा सांगितले आहे. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी त्याचा कायदाच केला. अनेकांना वाटते की हे सिनेमे मुलांना बिघडवतात. आमची तक्रार उलटी आहे. मुली कशा वागाव्यात याविषयी हे सिनेमे मोहल्ल्यातल्या सर्वांत कर्मठ आजोबांपेक्षाही कर्मठ आहेत, आणि त्यांची शिक्षा एकच, मृत्यू. 'संध्याकाळी सातनंतर बाहेर राहिली, मग काय होणार' हे वाक्य कोणत्याही दुर्घटनेनंतर आपल्या समाजात किती सहज ऐकू येते! इंदूरला येते, ग्वाल्हेरला येते, पुण्या-मुंबईत येते. ते वाक्य आणि या सिनेमांचा नियम यांत आम्हांस काडीचा फरक दिसत नाही. आमच्या विद्यार्थिनींनी शेवटी उरणाऱ्या मुलीचे कौतुक केले ते योग्यच. लॉरी घाबरते, रडते, पण सांभाळायला घेतलेल्या दोन लेकरांना आधी बाहेर काढते. विणकामाची सुई, कपड्यांचा हँगर, हाताला येईल ते शस्त्र करते. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन प्राध्यापिकेने १९८७ मध्ये या पात्रावर निबंध लिहून तिला 'फायनल गर्ल' हे नाव दिले, ते रूढ झाले. पण मुलींना आमचा प्रश्न असा की शेवटची मुलगी वाचली याचा आनंद मानताना आधीच्या तिघी-चौघींना मरणे भाग का होते, हेही विचारावे. पुढच्या लेखाला हा विषय देत आहोत.

दुसरा दोष आम्हांस शाळेत काम करणारे म्हणून अधिक बोचतो. 'हॅलोविन'मधला खुनी मनोरुग्णालयातून पळालेला आहे. आणि त्याचा उपचार करणारा डॉक्टरच सांगतो की याच्या आत माणूस नाही, नुसता दुष्टपणा आहे. 'फ्रायडे'मधला जेसन हा जन्मतः विद्रूप चेहऱ्याचा, मंदगती मुलगा. शिबिराच्या स्वयंसेवकांनी लक्ष न दिल्यामुळे तो तळ्यात बुडाला अशी गोष्ट. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तोच मुलगा पुढच्या भागांत राक्षस! मनाचा आजार म्हणजे खुनाची वृत्ती आणि चेहरा वाकडा म्हणजे मन वाकडे, हे समीकरण या सिनेमांनी जगभर नेले. महाराष्ट्रात कोणाला चिडवायचे तर ठाणे किंवा येरवडा म्हणतात, आपल्याकडे आग्रा म्हणतात, अर्थ एकच. ज्या घरात कोणी अशा आजारातून जात आहे त्या घरचे मूल आमच्या वर्गात बसलेले असते आणि ही थट्टा ऐकून हसण्याचे सोंग करते. रक्ताचे डाग साबणाने निघतात. हा डाग फार दिवस राहतो. पालकांच्या पत्रात याचा उल्लेख असता तर आम्ही त्यांचे जाहीर आभार मानले असते.

तिसरा दोष धंद्याचा. 'नाइटमेअर'मधला फ्रेडी क्रूगर हा लहान मुलांचा खुनी. पण सिनेमे चालले तसा तो विनोद करू लागला, त्याच्या बाहुल्या निघाल्या, मुले त्याचा वेष घेऊन गोळ्या मागायला जाऊ लागली. ज्याने मुले मारली त्याचीच बाहुली मुलांच्या हातात! यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

मात्र तो पहिला 'नाइटमेअर' पालकांनी पाहण्यासारखा आहे, आणि हे आम्ही विचारपूर्वक लिहीत आहोत. त्याचे दिग्दर्शक वेस क्रेव्हन (निधन २०१५) हे आमच्याच व्यवसायातले. सिनेमात येण्यापूर्वी ते कॉलेजात शिकवत. सिनेमा पाहणे निषिद्ध असलेल्या कर्मठ बाप्टिस्ट घरात ते वाढले. शाळेत त्यांना त्रास देणाऱ्या एका मुलाचे नाव त्यांनी पुढे आपल्या खलनायकाला दिले. (दांडगाई करणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी. तुमच्या मागच्या बाकावरचा गप्प मुलगा पुढे काय होईल हे सांगता येत नाही.) आग्नेय आशियातून अमेरिकेत आलेल्या निर्वासितांपैकी काही तरुण झोपेतच दगावल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या, त्यांतून त्यांना ही कल्पना सुचली. मुले झोपली की स्वप्नात क्रूगर येतो. स्वप्नात मेला तो खरोखर मरतो.

पण गोष्टीचे मर्म स्वप्नात नाही, आई-वडिलांत आहे. क्रूगर कायद्याच्या एका तांत्रिक चुकीमुळे सुटला होता, म्हणून गल्लीतल्या पालकांनी एकत्र येऊन त्याला जाळले आणि ही गोष्ट मुलांपासून लपवली. त्यांनी झाकलेले मुलांच्या झोपेत उगवते. नॅन्सी ही नायिका सांगते, विनवते. आई म्हणते, झोप, बरे वाटेल. वडील पोलीस अधिकारी. ते ऐकून घेतात, पण ठरल्या वेळी येत नाहीत. आणि आई काय करते? मुलीच्या काळजीने घराच्या सगळ्या खिडक्यांना लोखंडी गज बसवते आणि दाराला कुलूप घालून किल्ली लपवते. शेवटच्या रात्री मुलगी आणि खुनी दोघेही त्या गजांच्या आत असतात. आईने संरक्षण म्हणून जे केले त्यानेच मुलीची बाहेरची वाट बंद झाली. आईचे प्रेम खोटे नव्हते. तिने फक्त विचारले नाही.

भिंतीवरचा लेख उतरवावा, अशी मागणी वाचताना आमच्या डोळ्यांपुढे ते गज आले. लेख उतरवला असता तर मुलींनी ते सिनेमे पाहणे थांबवले नसते. फक्त त्याविषयी आमच्याशी बोलणे थांबवले असते. अमेरिकेतच १९८४ मध्ये सांताक्लॉजच्या वेषातल्या खुन्याचा एक सिनेमा आला होता, 'सायलेंट नाइट, डेडली नाइट'. पालक टॉकीजच्या बाहेर निदर्शनाला उभे राहिले, आणि कंपनीला तो काही दिवसांत काढून घ्यावा लागला. पालकांचा राग आम्हांस समजतो. नाताळच्या तोंडावर टीव्हीवर तशा जाहिराती आल्या तर लहान लेकरू घाबरणारच. पण त्या सामान्य सिनेमाला एवढी प्रसिद्धी मिळाली की १९९१ पर्यंत त्याचे आणखी चार भाग निघाले. निदर्शने झाली नसती तर त्याचे नाव आज आम्ही येथे लिहिले असते का, शंकाच आहे.

'स्क्रीम'विषयी थोडक्यात. त्यातल्या मुलांनी आधीचे सगळे सिनेमे पाहिलेले आहेत आणि ती त्यांचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवतात. हुशार गंमत आहे. पहिली बारा-तेरा मिनिटे, घरात एकटी मुलगी आणि वाजणारा फोन, ही कोणत्याही पटकथेच्या विद्यार्थ्याने अभ्यासावीत अशी आहेत. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागाने तर सुरुवातीलाच, या सिनेमांत कृष्णवर्णीयांना जागा नसते, हा टोला त्यांच्याच तोंडून दिला. आणि मग त्याच दोघांना मारले. दोष ओळखणे आणि दोष सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाचवीच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना आम्ही रोज पाहतो.

आपल्याकडे याच्या नकला झाल्या. रामसेंनी फ्रेडीवरून 'महाकाल' केला, २००३ मध्ये 'स्क्रीम'वरून हिंदीत एक सिनेमा आला. दोन्हींत मूळचे रिकामे घर नाही, त्यामुळे भीतीही नाही. खरे रूपांतर मराठीतच झाले, असे आमचे प्रामाणिक मत आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये खुनी बाहुल्याचा 'चाइल्ड्स प्ले' आला. त्यावरून महेश कोठारे यांनी १९९३ मध्ये 'झपाटलेला' केला. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे. भीती पुरेशी ठेवली, रक्त गाळले, आणि हसू घातले. इंदूर-ग्वाल्हेरच्या ज्या घरांत मुले मराठी पुस्तक हाताला लावत नाहीत त्या घरांतही तात्या विंचू मराठीतच बोलतो. मराठी टिकवण्यासाठी भाषणे करणाऱ्या आम्हां मंडळींना हे थोडे झोंबते.

पालकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. २०२३ च्या कायदादुरुस्तीने आपल्याकडे 'यूए' प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत. हे आकडे सिनेमाच्या सुरुवातीला दिसतात, ते पाहण्याची सवय ठेवावी. पण टॉकीजच्या दारावरचा माणूस जे काम करीत असे ते हातातला फोन करीत नाही. आणि फोनवर मुले पूर्ण सिनेमा पाहतच नाहीत, ती तीस सेकंदांचा तुकडा पाहतात. त्या तुकड्यात फक्त वार असतो. कुंपणाशी उभी आकृती, विझलेला दिवा, लेकरांना बाहेर काढणारी लॉरी, यांतले काहीही त्यात येत नाही. म्हणजे या सिनेमांतले जे चांगले ते गळते आणि जे वाईट ते उरते. आमची काळजी भित्तिपत्रकाविषयी नाही, या तुकड्यांविषयी आहे.

शेवटचा मुद्दा नववीच्या काही मुलांसाठी. 'स्क्रीम'मधला लांब तोंडाचा पांढरा मुखवटा हल्ली बाजारात सहज मिळतो. मागच्या आठवड्यात संध्याकाळच्या सरावानंतर तो घालून मुलींच्या सायकल स्टँडवर लपण्याचा प्रकार झाला. सातवीची एक मुलगी पडली, तिच्या गुडघ्याला लागले, आणि दोन दिवस ती शाळेत आली नाही. सिनेमात बसणारा माणूस तिकीट काढून, स्वतःच्या मर्जीने घाबरतो, आणि वाटेल तेव्हा उठून जाऊ शकतो. त्या मुलीला कोणी विचारले नव्हते. संबंधित तिघांच्या पालकांना पत्र गेले आहे. महिनाभर संध्याकाळी मुलींच्या सायकली स्टँडमधून फाटकापर्यंत आणून देण्याचे काम तिघांकडे राहील. तिघांनी तिच्या घरी जाऊन तिची व तिच्या आजींची माफी मागितली. आजींनी आधी रागावून आणि मग लाडू देऊन पाठवले, असे कळते. मुखवटा कार्यालयाच्या कपाटात आहे. ज्याचा असेल त्याच्या पालकांनी दुपारी तीन ते चार या वेळात येऊन, सही करून, घेऊन जावा.